छोट्या विमानात टॅबलेटवर नेव्हिगेशन: घेताना, लावताना, उडवताना

आमच्यातला एकजण मोठ्या हौसेनं नवाकोरा टॅबलेट घेऊन आला. घरी ॲप उघडून बघितलेलं, निळा ठिपका बरोब्बर त्याच्याच घरावर, त्यामुळे गडी खूश. टेकऑफ झाला आणि ठिपका रनवेच्या कडेला जो चिकटला तो आम्ही परत उतरेपर्यंत तिथंच. कारण साधं होतं, त्यानं फक्त वायफायवाला टॅबलेट घेतला होता. त्यात जीपीएसची चिपच नसते, आजूबाजूच्या वायफाय राउटरांवरून तो जागा ओळखतो, म्हणून घरात सगळं झकास चालतं आणि हवेत, जिथं राउटर नाहीत तिथं, आंधळा होतो.

हे आधीच सांगतोय कारण टॅबलेटच्या भानगडी बहुतेक अशाच असतात, जमिनीवर सगळं ठीक दिसतं आणि वर गेल्यावर कळतं. म्हणून खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं जमिनीवरच करायचं काम आहे. हे सगळं दिवसाढवळ्या, बाहेर बघून उडवणाऱ्यांसाठी, म्हणजे व्हीएफआरवाल्यांसाठी आहे. ढगात आयएफआर, म्हणजे फक्त उपकरणांवर भरवसा ठेवून उडवताना टॅबलेट हे मुख्य नेव्हिगेशन नाही, तो विषय इथं घेत नाही.

कुठला टॅबलेट

आयपॅड घेणार असाल तर सेल्युलर मॉडेलच घ्या. त्यात जीपीएस असतं, सिम टाकायची किंवा डेटा प्लॅन घ्यायची काही गरज नाही, रिकाम्या सिमवर पण जीपीएस चालतं. अँड्रॉइडमध्ये जरा वेगळं आहे, तिथं काही वायफायवाल्या टॅबलेटमध्ये पण जीपीएस असतं, पण सगळ्यांत नाही, म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये जीपीएस किंवा जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा ओळखणाऱ्या सगळ्या यंत्रणांचं एकत्र नाव) असं स्पष्ट लिहिलंय का ते स्वतः वाचा, दुकानदार हो म्हणाला म्हणून घेऊ नका. आधीच वायफायवाला घेऊन बसला असाल तर तो फेकायचं कारण नाही, ब्लूटूथनं जोडायचा बाहेरचा जीपीएस रिसीव्हर मिळतो. बॅड एल्फ, गार्मिन ग्लो वगैरे त्यातलेच. त्याचा अजून एक फायदा म्हणजे टॅबलेट मांडीवर असला तरी रिसीव्हर काचेजवळ, मोकळ्या आकाशाखाली ठेवता येतो.

साइज. मोठा स्क्रीन दुकानात भारी वाटतो. दोन सीटच्या विमानात 11 इंचाचा टॅबलेट योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) लावला की निम्मं पॅनल झाकलं, आणि मांडीवर ठेवला की स्टिक (योकऐवजी असते ती दांडी) त्याला आपटते. 8 इंचाच्या आसपासचा, आयपॅड मिनीच्या मापाचा, मला सगळ्यात सोयीचा वाटतो. ज्यांना चष्मा लागतो ते म्हणतील अक्षर बारीक दिसतं, त्यांचंही खरंय, पण मग आधी विमानात बसून पुठ्ठ्याचा तुकडा त्या मापाचा कापून धरून बघा आणि मग पैसे घाला.

ॲपचं म्हणाल तर तुम्ही जिथं उडता तिथले अधिकृत चार्ट (विमानांसाठीचे नकाशे) आणि एअरस्पेस (आकाशाचे वेगवेगळे नियम असलेले भाग) ज्यात आहे तेच ॲप. फोरफ्लाइट, गार्मिन पायलट, स्कायडेमन, ओझरनवेज अशी नावं चालतात, प्रत्येकाचा जोर वेगवेगळ्या देशांत आहे. रस्त्याचे साधे नकाशे दाखवणारं ॲप इथं कामाचं नाही, त्यात एअरस्पेस नाही, टॉवरची उंची नाही, रनवेची दिशा नाही. आणि टॅबलेट आहे म्हणून कागदी चार्ट घरी ठेवता येतो की नाही हे प्रत्येक देशाच्या नियमावर आहे, ते आपल्या इन्स्ट्रक्टरला एकदा विचारूनच घ्या.

लावायचा कुठे

तीन जागा असतात: मांडीवर नीबोर्डसारखा (मांडीला बांधायची लिहायची पाटी) पट्ट्यानं, योकवर क्लॅम्प करून, नाहीतर काचेला सक्शन कप लावून.

मांडीवर सगळ्यात स्वस्त आणि सुटसुटीत. तोटा एवढाच की बघायला मान खाली जाते, आणि वळणात मान खाली-वर केली की गरगरतं, नवीन माणसाला तर जास्तच. योकवर नजरेच्या जवळ येतो पण त्याचं वजन योकवर येतं आणि कोपरे अडकतात. सक्शन कपवर नजरेसमोर राहतो, पण काच तापली की कप सुटतो, आणि सुटायची वेळ त्याला नेमकी फायनलवरच, म्हणजे रनवेसमोर उतरत असतानाच सापडते. कप लावायच्या आधी काच आणि कप दोन्ही ओल्या फडक्यानं पुसा, आणि माउंटला एक बारीक दोरी बांधून ठेवा, म्हणजे सुटलाच तर लोंबकळेल, पायाखाली रडर पेडलमध्ये जाऊन बसणार नाही.

लावून झालं की इंजिन बंद असताना हे करा. योक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पूर्ण पोटाशी, पूर्ण पुढे. परत तेच, पण आता योक पोटाशी ओढलेला असतानाच डावी-उजवी. माझ्या बाबतीत नुसतं डावी-उजवी केलं तेव्हा काही अडलं नाही, पण ओढून उजवीकडे फिरवल्यावर टॅबलेटचा खालचा कोपरा मांडीत रुतला आणि योक शेवटच्या दोन बोटांएवढा फिरेचना. हे क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, रनवेवर टेकताना कळलं असतं तर? फ्लॅपचा लिव्हर, मिक्स्चर, फ्युएल सिलेक्टर, दाराची कडी, सगळ्यांना हात लावून बघा, केबल कशात गुंतत नाही ना ते पण बघा.

मग होकायंत्र. टॅबलेटच्या कव्हरमध्ये आणि काही होल्डरमध्ये चुंबक असतात आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. विमान जागेवर उभं असताना मॅग्नेटिक कंपास वाचा, मग टॅबलेट माउंटमध्ये ठेवा आणि परत वाचा. काटा हलला तर कव्हर काढा नाहीतर जागा बदला. चुंबकाच्या कव्हरवाला टॅबलेट डॅशवर सरकवला की काटा 15-20 अंश सहज फिरतो, आणि जीपीएस गेल्यावर ज्याच्या भरवशावर राहायचं ते हेच होकायंत्र ना.

पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर तो घालून स्क्रीन उभा आणि आडवा दोन्ही करून बघा, काही टॅबलेट एका दिशेला धरले की अख्खे काळे दिसतात.

उष्णता आणि चार्जिंग

आयपॅडसाठी कंपनीनं सांगितलेलं तापमान 0 ते 35 अंश आहे. काचेच्या कॉकपिटमध्ये उन्हात उभ्या विमानात हा आकडा कधीच ओलांडलेला असतो.

माझी गोष्ट सांगतो. भर दुपार, टॅबलेट काचेला लावलेला, ब्राइटनेस फुल, मागे चार्जर, वर जाड रबरी कव्हर, म्हणजे जे जे करायचं नाही ते सगळं केलेलं. चाळीसेक मिनिटांनी स्क्रीन आधी मंद झाला, मग काळा, त्यावर थर्मामीटरचं चित्र, थंड होऊ द्या. हात लावला तर चटका. नशीब की मांडीवरच्या कागदावर शेवटच्या खुणेची वेळ पेन्सिलनं लिहिलेली होती, 11:42 ला पूल ओलांडला. पुढची खूण, नदीला रेल्वे येऊन मिळते ती जागा, 9 मैल. 90 नॉट म्हणजे तासाला 90 मैल (इथं मैल म्हणजे नॉटिकल मैल), मिनिटाला दीड मैल, म्हणजे 6 मिनिटं, म्हणजे 11:48. हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, धरून ठेवलं, घड्याळाकडे बघत बसलो, 11:49 ला डाव्या पंखाच्या पुढे रेल्वेचा पूल. एक मिनिट उशीर, पण सापडला. तो आकडा लिहिलेला नसता तर त्या सहा मिनिटांत मी काय काय केलं असतं कुणास ठाऊक.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. कव्हर काढायचं. टॅबलेटच्या पाठीला ऊन लागणार नाही अशा जागी लावायचा, जमल्यास हवेच्या झडपेसमोर. घरूनच 100 टक्के चार्ज करून आणायचा आणि अर्ध्याच्या खाली गेल्याशिवाय चार्जर लावायचा नाही, कारण चार्जिंगनं तापतो. ब्राइटनेस लागेल तेवढाच. स्क्रीन मंद व्हायला लागला की ती पहिली घंटा समजायची, लगेच काढून सावलीत, झडपेसमोर धरायचा. फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका हां, आत पाणी सुटतं.

विमानाच्या सॉकेटवरून चार्ज करताना दोन गोष्टी. काही छोट्या विमानांत 14 व्होल्टची सिस्टिम असते, काहींत 28 ची. फक्त 12 व्होल्टवर चालणारा गाडीतला चार्जर 28 वर लावला तर जळेल, म्हणून 12 ते 28 लिहिलेलाच घ्या. दुसरं म्हणजे स्वस्तातले चार्जर रेडिओत खरखर घालतात. स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारी सोय) उघडून ऐका, मग चार्जर लावा, परत ऐका. आवाज वाढला तर तो चार्जर विमानात आणायचा नाही, विषय संपला. मला स्वतःला पॉवर बँक बरी वाटते, विमानाच्या वायरिंगशी काही संबंधच नको.

आदल्या रात्री

चार्ट आणि डेटा डाउनलोड. एअरस्पेस, फ्रिक्वेन्सी, विमानतळांची माहिती जगभर 28 दिवसांच्या चक्रानं बदलते, त्याला एअरॅक सायकल म्हणतात, वर्षाला साधारण 13 होतात. ॲपमध्ये डेटाची तारीख कुठे दिसते ते शोधून ठेवा आणि ती उड्डाणाच्या दिवशी चालू आहे ना बघा, उद्या संपणारी असेल तर पुढची आजच उतरवा. डाउनलोड झालं की टॅबलेट एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद, आणि अख्ख्या रूटवर बोटानं झूम करत फिरा. कुठे रिकामा राखाडी चौकोन दिसला तर तिथला नकाशा उतरलेला नाही. घरी नेट चालू असतं त्यामुळे ॲप गुपचूप नेटवरून नकाशा दाखवतं आणि आपल्याला वाटतं सगळं टॅबलेटमध्ये आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एअरप्लेन मोड लावला की जीपीएसही बंद व्हायचं, आता आयपॅडवर तसं होत नाही, पण तुमचा टॅबलेट जुना असेल तर अंगणात जाऊन खात्री करा.

सिस्टिमचं अपडेट आदल्या रात्री अजिबात नको. नवीन व्हर्जन आलं की माझा हातही शिवशिवतो, पण ॲपवाले आमचं त्यावर नीट चालतंय असं सांगत नाहीत तोवर थांबायचं. स्टोरेज गच्च भरलेलं असेल तर फोटो-व्हिडिओ काढून टाका.

सेटिंग एकदाच करायची आहेत: ऑटो-लॉक बंद, म्हणजे स्क्रीन आपोआप झोपणार नाही, ॲपला लोकेशनची परवानगी, आणि सगळी नोटिफिकेशन बंद. सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेरीत असताना नकाशावर कुणाच्या वाढदिवसाचा मेसेज यायला नको.

आता प्लॅन. रूट ॲपमध्ये टाका, पण सरळ रेषा आली म्हणून ती मान्य करू नका. ॲपला दोन टोकं दिली की ते सरळ रेष मारून मोकळं होतं, ती रेष बंदी असलेल्या एअरस्पेसमधून जाते की डोंगरावरून की लांबच लांब पाण्यावरून, याचं त्याला काही नाही. वेपॉईंट, म्हणजे रूटवरच्या मधल्या खुणा, अशा जागी टाका ज्या खिडकीतून दिसतात, धरण, रस्त्यांचा मोठा चौक, नदीचं वळण. मग रूट कागदावर पण लिहा: प्रत्येक टप्प्याचं हेडिंग, अंतर, मिनिटं, उंची. दहा मिनिटांचं काम आहे. हवामान आणि नोटाम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) बघताना जीपीएस जॅमिंगचा नोटाम आहे का तेही बघा, लष्करी सरावांच्या वेळी असे निघतात.

नवीन ॲप असेल तर पहिल्यांदा ते हवेत शिकू नका. कम्प्युटरवरच्या सिम्युलेटरला टॅबलेट वायफायनं जोडता येतो, एक्स-प्लेनमध्ये ती सोय आहे, घरी बसून दोन-चार फ्लाइट मारा. तेही नसेल तर दुसऱ्याला गाडी चालवायला सांगून आपण शेजारी टॅबलेट घेऊन बसा.

विमानात बसल्यावर

हँगरच्या पत्र्याखाली जीपीएसची वाट बघू नका. बाहेर आल्यावर सुरू करा आणि वेळ द्या. मोबाईल नेटवर्क असताना उपग्रह कुठे आहेत ही माहिती टॅबलेटला नेटवरून पटकन मिळते, नेट नसेल तर ती उपग्रहांच्याच सिग्नलमधून घ्यावी लागते, आणि बरेच दिवस बंद असलेल्या रिसीव्हरला त्यात काही मिनिटं जातात. म्हणून प्रीफ्लाइटला बाहेर फिरताना टॅबलेट आकाशाकडे तोंड करून सुरू ठेवा.

मग तीन गोष्टी तपासा: विमानाचं चिन्ह तुम्ही खरोखर उभे आहात त्याच जागी आहे का, ॲप अचूकता किती दाखवतंय, आणि टॅक्सी करताना चिन्ह तुमच्याबरोबर हलतंय का. बाहेरचा रिसीव्हर लावला असेल तर ॲप तोच वापरतंय की टॅबलेटचा आतला, हे ॲपच्या डिव्हाइसच्या पानावर दिसतं. फोनवर पण तेच ॲप आणि तोच रूट ठेवा, खिशात, स्क्रीन बंद.

टॅक्सी सुरू झाल्यावर टॅबलेटला हात नाही. टेकऑफपासून सर्किट सोडेपर्यंतही नाही.

हवेत

नकाशा नॉर्थ-अप (उत्तर वर) ठेवायचा की ट्रॅक-अप (जायची दिशा वर) यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी ट्रॅक-अप ठेवतो, कारण मग काचेतून जे डावीकडे दिसतं ते नकाशावर पण डावीकडेच. पण मग सगळी अक्षरं तिरकी होतात, आणि कागदी चार्ट नॉर्थ-अप वाचायची ज्यांना सवय आहे ते वैतागतात. एक ठरवा आणि तेच ठेवा, मध्येच बदलू नका.

नजर कशी फिरवायची, तर आधी बाहेर बघून खूण ओळखायची, मग टॅबलेटवर दोन-तीन सेकंद खात्री करायची, परत बाहेर. उलटं केलं, म्हणजे आधी टॅबलेट आणि मग बाहेर, की बाहेरचं काहीही टॅबलेटशी जुळतंय असंच वाटायला लागतं. काही टाइप करायचं असेल तर आधी विमान ट्रिम करा, म्हणजे योकवर जोर न देता ते सरळ राहील, आजूबाजूला बघून घ्या, दोन अक्षरं टाइप करा, बाहेर बघा, पुढची दोन. शेजारी कुणी बसलं असेल तर त्याच्याकडे द्या.

ग्राउंडस्पीड ही टॅबलेटची खरी कमाई. 60 मैलांचा टप्पा, प्लॅनमध्ये 100 नॉट धरले म्हणून 36 मिनिटं लिहिली, वर गेल्यावर समोरून वारा आणि टॅबलेट दाखवतोय 80. म्हणजे 45 मिनिटं. नऊ मिनिटांचं इंधन जास्त, आणि पुढचे दोन टप्पे पण त्याच दिशेचे असतील तर तेव्हाच हिशोब करून कुठे उतरून इंधन भरायचं ते ठरवता येतं, शेवटच्या टाकीवर घाम फुटायच्या आत. पण हाच आकडा लँडिंगला मात्र बघायचा नाही. मागून वारा असला की ग्राउंडस्पीड जास्त दिसतो, माणूस नकळत विमान हळू करतो, आणि स्टॉल (पंखांची उचल सुटणं) कशावर ठरतो, तर हवेतल्या वेगावर. सर्किटमध्ये फक्त एअरस्पीड इंडिकेटर.

उंचीचं पण तसंच. टॅबलेट दाखवतो ती जीपीएसची उंची आणि अल्टिमीटर दाखवतो ती हवेच्या दाबावरची, दोन्ही क्वचितच जुळतात. गरम दिवशी हवा फुगलेली असते, तापमान प्रमाणापेक्षा 10 अंश जास्त असेल तर उंचीत साधारण 4 टक्के फरक पडतो. म्हणजे समुद्रसपाटीजवळच्या विमानतळाचं क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशोबातला हवेचा दाब) लावून अल्टिमीटरवर 5000 फूट आणि तापमान 20 अंशांनी जास्त, तर खरी उंची 5400 च्या आसपास. कुठला बरोबर? एअरस्पेसची उंची आणि दुसऱ्या विमानांपासूनचं अंतर अल्टिमीटरवरच चालतं, म्हणून उडवायचं अल्टिमीटरवर. थंडीत मात्र फरक उलटा होतो, खरी उंची अल्टिमीटरपेक्षा कमी असते, आणि डोंगरांत ते महागात पडतं.

एअरस्पेसच्या कडेला घासून जाऊ नका. ठिपका रेषेच्या बाहेर दिसतोय म्हणून 200 मीटरवरून जाणारे लोक मी बघितलेत, एक झुळूक आली की आत. निदान दोन मैल सोडा.

ट्रॅफिक आणि हवामान दाखवणारे एडीएस-बी रिसीव्हर (दुसरी विमानं रेडिओवर आपली जागा सांगतात ती पकडणारे) लावत असाल तर एवढंच ध्यानात ठेवा की ज्या विमानात ट्रान्समीटर नाही ते स्क्रीनवर दिसणारच नाही, ग्लायडर, जुनी विमानं, पॅराग्लायडर. आणि पावसाचं रडार चित्र शिळं असतं. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीनं 2012 मध्ये इशारा दिला होता की कॉकपिटमध्ये दिसणारं नेक्सरॅडचं (तिथल्या हवामान रडारांचं) चित्र त्यावर लिहिलेल्या वयापेक्षा 15-20 मिनिटं जुनं असू शकतं. लांबून वळसा घालायला चालेल, दोन ढगांतून वाट काढायला नाही.

बंद पडलं तर

काळा स्क्रीन असेल तर लगेच कळतं, ते बरं. वाईट म्हणजे चुकीचा ठिपका. जॅमिंगमध्ये सिग्नल जातो आणि ॲप तसं सांगतं, पण स्पूफिंगमध्ये खोटा सिग्नल येतो आणि चिन्ह ऐटीत भलतीकडेच उडत राहतं. ओळखायचं कसं, तर ग्राउंडस्पीड अचानक विचित्र, टॅबलेटवरचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही, ट्रॅक आणि होकायंत्र यांत वाऱ्यानं समजणार नाही एवढा फरक, नाहीतर सरळ सांगायचं तर खिडकीखाली जे असायला हवं ते नाही.

अशा वेळी क्रम असा. आधी विमान सरळ आणि उंचीवर. मग वेळ बघून कागदावर लिहा. हेडिंग प्लॅनमधलंच धरा, वळू नका. शेवटच्या नक्की खुणेपासून किती मिनिटं झाली ते मोजा आणि पुढची मोठी खूण शोधा, लांबलचक खूण, नदी, रेल्वे, किनारा, कारण ती आडवी येते, चुकत नाही. ट्रॅकपासून किती सरकलात याला साठाचा नियम कामाला येतो, 60 मैलांत 1 मैल बाजूला म्हणजे 1 अंश, तर 20 मैलांत 2 मैल बाजूला म्हणजे 6 अंश. हे सगळं झाल्यावर मग खिशातला फोन काढा, रीस्टार्ट करत बसायचं असेल तर तेव्हा. तरी सापडत नसेल तर रेडिओवर सांगा, रडारवाले जागा सांगू शकतात, लाजायचं काही कारण नाही.

दर तीन-चार उड्डाणांमागे एकदा मी टॅबलेट मुद्दाम 20 मिनिटं पालथा घालतो, सोबत कुणी असेल तर त्याला तो सरळ धरायला सांगतो, म्हणजे मी चुकलो तर तो हसेल. पहिल्या वेळी चार मैल बाजूला गेलो होतो.

उतरल्यावर

इंजिन बंद केल्यावर ट्रॅक लॉग उघडून बघा, जिथं रेषेवरून सरकलात तिथं काय करत होतात ते आठवून बघा, माझ्या बाबतीत दहातले आठ वेळा तिथं मी टॅबलेटमध्येच काहीतरी शोधत असतो. कागदावरच्या वेळा आणि लॉगमधल्या वेळा ताडून बघा, वाऱ्याचा अंदाज कुठे चुकला ते लगेच दिसतं. मग टॅबलेट, पॉवर बँक, केबल सगळं काढून पिशवीत. बंद विमानात उन्हात लिथियम बॅटरी ठेवून जाऊ नका, आणि बॅटरी फुगून स्क्रीन जरा जरी वर उचललेला दिसला तर तो टॅबलेट परत विमानात आणायचा नाही.